मेलेल्या माकडाची खबर: माकडताप कसा पसरतो आणि त्याच्यावर पाळत कशी ठेवतात

काजूचा हंगाम सुरू झाला की सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि सावंतवाडी, तसेच गोव्यातील सत्तरी या तालुक्यांची नावे माकडतापाच्या बातम्यांत दिसू लागतात. कुठे बागेच्या कडेला मेलेले माकड सापडलेले असते, कुठे तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने तपासणीला गेलेले असतात, तर कुठे आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून अंगाला लावायचे तेल वाटत असतात. वाचणाऱ्याला मात्र साधे प्रश्न पडतात. माकड तर कोणाला चावलेले नसते, मग हा ताप माणसाला होतो कसा? तो एकाकडून दुसऱ्याला लागतो का? आणि रानात एक माकड मेले म्हणून गावातल्या माणसांच्या तापाची चौकशी कशासाठी करायची?

या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती समजण्यासाठी सुरुवात कर्नाटकातील एका जंगलापासून करावी लागते.

क्यासनूरचे जंगल, १९५७

शिमोगा, म्हणजे आताच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे राखीव जंगल आहे. १९५७ साली या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांत लोक तीव्र तापाने आजारी पडू लागले. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राकडे, म्हणजे पुढे ज्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली त्या केंद्राकडे, ही खबर पोहोचली तेव्हा पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत पीतज्वर आला की आधी माकडे मरतात, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. भारतात पीतज्वर कधी आलेला नाही, पण तो पसरवणारे डास मात्र इथे मुबलक आहेत. त्यामुळे ती शंका खरी ठरली असती तर देशासमोर फार मोठे संकट उभे राहिले असते.

ती शंका खोटी ठरली. मेलेल्या माकडांतून आणि रुग्णांच्या रक्तातून जो विषाणू वेगळा करण्यात आला, तो जगाला नवा होता. डेंग्यू आणि पीतज्वर यांच्याच कुळातला असला तरी त्याचे जवळचे नाते होते ते रशिया-सैबेरियाकडे मेंदूज्वर घडवणाऱ्या, गोचिडींतून पसरणाऱ्या विषाणूंशी. जंगलाच्या नावावरून आजाराला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ हे नाव मिळाले. सरकारी कागदांवर तो ‘केएफडी’ असतो आणि लोकांच्या तोंडी माकडताप.

सैबेरियातल्या विषाणूचा भाऊबंद मलनाडच्या, म्हणजे कर्नाटकातील सह्याद्रीच्या डोंगराळ पट्ट्याच्या, जंगलात कसा आला, या कुतूहलातून एक वेगळेच काम उभे राहिले. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो आला असेल का, हे पाहण्यासाठी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. विषाणू पक्ष्यांनी आणल्याचा पुरावा काही मिळाला नाही. पण भारतातील पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया एका तापामुळे भक्कम झाला, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

गोचिडीचे वर्ष

माकडतापाचा विषाणू एका यजमानाकडून दुसऱ्याकडे नेण्याचे काम गोचीड करते. अशा प्राण्याला रोगाचा ‘वाहक’ म्हणतात. मलेरियात जे काम डास करतो, ते इथे प्रामुख्याने ‘हिमाफायसेलिस स्पिनिजेरा’ या जातीची गोचीड करते. गुरांच्या कानात किंवा कुत्र्याच्या मानेवर आपण पाहतो त्या टपोऱ्या गोचिडींपेक्षा ही वेगळी. हिचे बहुतेक आयुष्य जमिनीवर, पालापाचोळ्यात जाते.

तिच्या आयुष्यात अंड्यानंतर तीन अवस्था येतात: सहा पायांची अळी, आठ पायांची पण अजून वाढ पूर्ण न झालेली ‘निम्फ’, आणि प्रौढ गोचीड. प्रत्येक अवस्थेत ती एकदाच पोटभर रक्त पिते, यजमानाच्या अंगावरून खाली गळून पडते, पाचोळ्यात कात टाकते आणि पुढच्या अवस्थेत गेल्यावर नवा यजमान शोधते. अळी असताना ती आजारी माकडाचे किंवा एखाद्या उंदराचे रक्त प्याली असेल, तर त्या रक्तातला विषाणू कात टाकल्यानंतरही तिच्या शरीरात टिकून राहतो. म्हणजे विषाणू घेतला एका अवस्थेत आणि दिला दुसऱ्या अवस्थेत. साथीचे सगळे वेळापत्रक या एका गोष्टीवर चालते.

प्रौढ गोचिडी पावसाळ्यात सक्रिय असतात आणि मुख्यतः गुरे, गवे, सांबर अशा मोठ्या जनावरांचे रक्त पितात. त्यांनी घातलेल्या अंड्यांतून पाऊस सरता सरता अळ्या निघतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत निम्फ हिंडू लागतात, आणि माणसाला चावतात त्या प्रामुख्याने याच. निम्फ इतकी बारीक असते की ती अंगावर चढल्याचे बहुधा कळतही नाही. कोकणात आणि गोव्यात नेमक्या याच महिन्यांत लोक जंगलात आणि बागांत सर्वाधिक वावरतात: काजू गोळा करणे, लाकूडफाटा आणणे, गोठ्यासाठी पातेरा जमवणे. काजूच्या झाडाखाली साचलेला वाळका पाला हे गोचिडीचे आवडते ठिकाण, आणि काजू वेचणाऱ्याला तर वाकून त्याच पाल्यात हात घालावा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरात तुरळक सुरू होणारे रुग्ण जानेवारीनंतर वाढतात आणि पाऊस पडल्यावर जवळजवळ थांबतात, ते या जुळणीमुळे.

माकड मरते तेव्हा

या विषाणूमुळे काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची माकडे, दोन्ही गंभीर आजारी पडतात आणि मोठ्या संख्येने मरतात. उंदीर, चिचुंद्र्या यांसारख्या छोट्या प्राण्यांत विषाणू फारसा गाजावाजा न करता फिरत राहतो. माकडाच्या शरीरात मात्र तो झपाट्याने वाढतो, त्यामुळे आजारी माकडाचे रक्त पिणाऱ्या असंख्य अळ्यांना तो एकाच वेळी मिळतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी ते शरीर सोडतात आणि आसपासच्या पाचोळ्यात उतरतात. माकड ज्या झाडाखाली पडले, त्याच्या भोवतालची जागा पुढचे काही आठवडे धोक्याची होते.

म्हणून मेलेल्या माकडाला काठीने ढकलणे, ते ओढत नेऊन पुरणे किंवा पाहायला गर्दी करणे, यांतले काहीच करू नये. २०१२ साली कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात माकडे मेली, तेव्हा त्यांची विल्हेवाट लावणारे वनकर्मचारीच आजारी पडले होते.

माणसापर्यंत पोहोचलेला विषाणू पुढे जात नाही. एका रुग्णाकडून दुसऱ्याला माकडताप होत नाही. रुग्णाची सेवा करणाऱ्या घरच्यांना त्याच्यापासून धोका नसतो. वटवाघळांकडून येणारा निपाह विषाणू आणि हा विषाणू यांच्यातला हा मोठा फरक आहे. निपाहची लागण माणसाकडून माणसाला होऊ शकते, म्हणून तिथे रुग्णाला वेगळे ठेवावे लागते. इथे रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही, आणि हे आवर्जून सांगावे लागते, कारण पहिल्या साथीच्या वेळी गावे घाबरतात ती बहुधा रुग्णालाच.

ताप ओळखायचा कसा

बाधित गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके असह्य दुखते, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघतात, उलट्या होतात, डोळे लाल होतात. काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. बहुतेक जण एक-दोन आठवड्यांत सावरतात, तरी अशक्तपणा त्यानंतरही बरेच दिवस राहतो. साधारण १० ते २० टक्के रुग्णांना मात्र मध्ये काही दिवस बरे वाटून तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा ताप येतो, आणि या वेळी मान आखडणे, हात थरथरणे, भ्रम होणे अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसू शकतात. मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारणपणे ३ ते ५ टक्के मानले जाते.

विषाणूला थेट मारणारे औषध नाही. शरीरातले पाणी राखणे, रक्तस्रावाकडे लक्ष ठेवणे आणि गरज पडल्यास रक्तघटक देणे, एवढाच उपचार आहे. पण तो वेळेवर मिळाला तर जीव वाचतो. अडचण अशी की पहिल्या तीन-चार दिवसांत हा ताप डेंग्यूसारखा, लेप्टोस्पायरोसिससारखा किंवा मलेरियासारखा दिसतो, आणि कोकणात यांपैकी कशाचीच वानवा नाही.

तो पसरला, की फक्त दिसू लागला?

सुमारे अर्धशतक माकडताप हा कर्नाटकातील शिवमोग्गा, उत्तर कन्नड, दक्षिण कन्नड, उडुपी आणि चिक्कमगळूरु या पाच जिल्ह्यांचा आजार मानला जात होता. मग २०१२ मध्ये तो बंदीपुरात आणि तमिळनाडूच्या निलगिरीत आढळला, २०१३ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये. २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातील पाली गावात आणि २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातील केर गावात साथ आली. पुढच्या वर्षी ती सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे सरकली. नकाशावर हे ठिपके जोडले की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांनी आजार चालत निघाल्यासारखा वाटतो.

पण या नकाशाकडे थोड्या संशयाने पाहायला हवे. याच काळात, म्हणजे २०१२ च्या आसपास, पुण्याच्या संस्थेने माकडतापाच्या जलद आणि नेमक्या चाचण्या विकसित केल्या. त्याआधी विषाणू ओळखायचा तर तो प्रयोगशाळेत वाढवावा लागे, आणि ते काम इतके धोक्याचे होते की प्रयोगशाळेतले कर्मचारीही आजारी पडले होते. चाचणी सोपी झाली की जिथे पूर्वी ‘अज्ञात ताप’ एवढीच नोंद होत असे, तिथे आजाराचे नाव लिहिले जाऊ लागते. याहून बोलका पुरावा जुना आहे: क्यासनूरच्या शोधाच्याही आधी, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, कच्छ आणि सौराष्ट्रातील काही लोकांच्या रक्तात या गटातील विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्यावर शरीरात उरणारी संरक्षक प्रथिने, आढळली होती. तिथे माकडतापाची साथ म्हणावी असे काही नोंदले गेलेले नाही.

माझे मत असे की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शोधण्याची क्षमता वाढल्याने आजार अधिक ठिकाणी दिसू लागला, आणि जंगलाचे रूप बदलल्याने तो माणसाच्या अधिक जवळही आला. पुण्याच्या केंद्रात काम केलेले कोलंबियाचे डॉक्टर जोर्जे बोशेल यांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिले होते की घनदाट जंगलाच्या पोटात शेतीसाठी तुकडे मोकळे झाले की तिथे गुरे येतात, गुरांवर प्रौढ गोचिडी पोसल्या जातात आणि जंगलाच्या कडेला त्यांची संख्या वाढते. अलीकडच्या अभ्यासांतही धोका अखंड अरण्याच्या गाभ्यात नव्हे, तर जंगल, बागायत आणि वस्ती एकमेकांत मिसळलेल्या पट्ट्यात जास्त दिसतो. दोडामार्गातला डोंगर आज याच वर्णनात बसतो: वर रान, मध्ये काजू आणि रबर, खाली घरे.

पाळत ठेवतात म्हणजे काय करतात

आरोग्य खात्याच्या भाषेत याला ‘सर्वेक्षण’ म्हणतात. आजाराची माहिती एकदा नव्हे तर सतत गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा आणि तिच्यावर लगेच कृती करायची, असा त्याचा अर्थ. माकडतापात हे काम तीन ठिकाणी एकाच वेळी चालावे लागते: माकडांत, गोचिडींत आणि माणसांत.

माकडांपासून सुरुवात होते, कारण माणसाच्या आधी तेच मरतात. मृत माकडाची माहिती गावकरी, गुराखी किंवा वनरक्षक यांच्याकडून येते. पशुवैद्यक संरक्षक पोशाख घालून शवविच्छेदन करतात, अवयवांचे नमुने तपासणीला जातात, शव जाळले जाते आणि आसपासच्या जमिनीवर मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकली जाते. शव ताजे असेल तरच नमुना उपयोगी पडतो. सडलेल्या शवातून काही कळत नाही, आणि उन्हाळ्यात ते सडायला वेळ लागत नाही. म्हणून खबर सकाळी मिळते की दोन दिवसांनी, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.

गोचिडींचा माग घेण्याची पद्धत पाहायला साधी आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचे कापड पाल्यावरून हळूहळू ओढत न्यायचे. यजमानाची वाट पाहत बसलेल्या गोचिडी त्याला चिकटतात, मग त्या वेचून, जातवार लावून, गटागटाने प्रयोगशाळेत तपासायच्या. एखाद्या गटात विषाणू सापडला, तर माकड मेलेले दिसो वा न दिसो, त्या भागात विषाणू फिरतो आहे हे सिद्ध होते.

माणसांच्या बाबतीत आशा सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचे काम सगळ्यांत मोठे. तापाचा रुग्ण जंगलाशी संबंधित असेल, तर त्याचे रक्त थंड पेटीतून प्रयोगशाळेकडे पाठवले जाते. तिथे दोन प्रकारच्या चाचण्या होतात. आजाराच्या सुरुवातीला रक्तात विषाणू प्रत्यक्ष हजर असतो, तेव्हा करोनामुळे सर्वांच्या परिचयाची झालेली आरटी-पीसीआर उपयोगी पडते. पाच-सहा दिवस उलटल्यावर शरीर प्रतिपिंडे तयार करू लागते आणि ती एलायझा नावाच्या चाचणीत दिसतात. ताप नेमका कोणत्या दिवशी आला हे रुग्णाला विचारतात ते यासाठी. तो दिवस चुकला तर चाचणी चुकीची निवडली जाऊ शकते आणि आजार असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो.

हे सारे वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. माकड वनखात्याचे, त्याचे शवविच्छेदन पशुसंवर्धन खात्याचे आणि रुग्ण आरोग्य खात्याचा. तिन्ही खात्यांच्या वह्या वेगळ्या. माकड मेल्याची नोंद एका वहीत आणि तापाच्या रुग्णाची दुसऱ्या वहीत पडून राहिली, तर दोन्ही नोंदी अचूक असूनही साथ कोणालाच दिसत नाही. माणसाचे, प्राण्यांचे आणि परिसराचे आरोग्य एकत्र पाहायचे, या ज्या ‘वन हेल्थ’ विचाराबद्दल आज बरेच बोलले जाते, तो तालुक्याच्या पातळीवर या तीन वह्या एका टेबलावर आणण्याइतका व्यवहारी आहे.

मग माकडेच हटवली तर?

माकडांनी नारळ-केळीचे इतके नुकसान केलेले असते की हा प्रश्न रागातून येतो, आणि तो राग समजण्यासारखा आहे. तरीही माकडतापावर तो उपाय नव्हे. विषाणू गोचिडींत आणि छोट्या प्राण्यांत टिकून राहतो. माकडे नसली म्हणून तो नाहीसा होत नाही. उलट विषाणू आल्याची पहिली खूण आपल्याला मिळते ती माकडाच्या मरण्यातूनच. भुंकला म्हणून घरचा कुत्रा मारला तर चोर यायचा थांबत नाही, फक्त तो आल्याचे कळेनासे होते. शिवाय आजारी कळप हुसकावला तर तो बाधित गोचिडी अंगावर घेऊन शेजारच्या रानात जातो.

गुरांबद्दलही असाच गैरसमज आहे. गाई-म्हशी या आजाराने आजारी पडत नाहीत आणि त्यांच्या दुधातून माणसाला माकडताप झाल्याची नोंद नाही. त्यांचा वाटा प्रौढ गोचिडी पोसण्यापुरता आहे, म्हणून रानात चरून आलेल्या गुरांवर गोचीडनाशक वापरणे आणि वाळका पातेरा घराला लागून न साठवणे, एवढे पुरते.

‘वर्षाला देशभरात काहीशे रुग्ण, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?’ असेही विचारले जाते. आकडा लहान आहे हे खरे. पण तो थोड्याशा गावांत एकवटलेला असतो, आणि त्यातले बहुतेक रुग्ण हातावर पोट असलेले असतात. काजूच्या हंगामात महिनाभर अंथरुणाला खिळणे म्हणजे वर्षाच्या कमाईचा मोठा भाग गमावणे. सरासरीच्या हिशेबात हे दिसत नाही.

लस होती ना?

होती. मेलेल्या विषाणूपासून बनवलेली लस १९९० पासून कर्नाटकात दिली जात होती: महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, त्यानंतर सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, आणि पुढेही दरवर्षी एक. इंजेक्शन दुखरे, फेऱ्या अनेक, त्यामुळे पुष्कळ लोक अर्ध्यावर सोडत. २००५ ते २०१० या काळातील कर्नाटकच्या आकडेवारीनुसार एका मात्रेचा उपयोग जवळपास शून्य, दोन मात्रांचा सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरसह सुमारे ८३ टक्के होता. पुढे तिची परिणामकारकता आणखी घटल्याचे आढळले आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबवण्यात आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी मिळून नवी लस विकसित करत आहेत.

बागेत जाणाऱ्याने काय करावे

पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोज्यांत खोचलेली पँट आणि बूट, हे उकाड्यात नकोसे वाटले तरी सर्वांत परिणामकारक आहे. आरोग्य केंद्रातून मिळणारे डेपा हे गोचीडरोधक तेल रानात जाण्यापूर्वी हातापायांना लावावे. थेट पाल्यावर बसू नये. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबण लावून अंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानांमागची जागा तपासावी. चिकटलेली गोचीड नखाने चिरडू नये. तिच्यावर रॉकेल ओतणे किंवा विडीचा चटका देणे हे प्रकारही टाळावेत. बारीक चिमट्याने ती त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी.

ताप आलाच, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण कोणत्या रानात, किती दिवसांपूर्वी गेलो होतो आणि तिथे मेलेले माकड पाहिले होते का, हे सांगावे. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून निदान होईपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावी.